डाव्या पायाने लंगडणारा बीमिश

ऑर्विल क्रम खाजगी डिटेक्टिव्ह होता आणि स्वतःच्या ऑफिसातच झोपत होता. पहिली गोष्ट दाराच्या काचेवर रंगवलेली होती. दुसरी कुणाला कळू नये म्हणून तो रोज सकाळी सातला घडीची खाट कपाटामागे सरकवायचा, हॅट घालून बाहेर पडायचा, जिन्यापर्यंत जायचा आणि ट्रामच्या गर्दीत चेंगरून आल्यासारखा चेहरा करून पुन्हा आत शिरायचा.

लढाई संपून वर्ष झालं होतं. गेलेली पोरं लॉस एंजेलिसला परत आली होती, येताना आणखी पोरांना घेऊन आली होती, आणि आल्या आल्या सगळ्यांनी लग्नं केली होती. आता शहरात नोकरी मिळे, बायको मिळे, पण खोली मिळत नसे. लोक सकाळी पेपर उघडून आधी मृत्यूच्या बातम्या वाचत, त्या दुःख करायला नव्हे, पत्ता उतरवून घ्यायला. ऑर्विल स्वतः सहा अंत्यविधींना जाऊन आला होता. सहाही ठिकाणी त्याने विधवेचा हात हातात घेऊन जड आवाजात सांत्वन केलं आणि सहाही ठिकाणी खोली कुणातरी भाच्याने आधीच पटकावलेली निघाली. सातव्या घरी तो जरा लवकर पोचला. ज्यांचा अंत्यविधी व्हायचा, ते गृहस्थच दार उघडायला आले.

आणि आता इमारतीच्या मॅनेजरने खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांवर वाळत घातलेले मोजे पाहिले होते. ऑफिसात राहायची मनाई होती. शनिवार संध्याकाळपर्यंत गाशा गुंडाळा, असं तो सांगून गेला.

सोमवारी सकाळी दार वाजलं. ऑर्विलने घाईघाईने पाय टेबलावर टाकले आणि हॅट डोळ्यांवर ओढली. या धंद्यात सोमवारी दार वाजलं की बाहेर उंच, तोंडावर काळी जाळी ओढलेली, खोटं बोलणारी बाई असते, असा त्याचा बावीस वर्षांचा विश्वास होता. अनुभव एकदाही नव्हता.

आत आली ती साठीची, बुटकी, पुरुषी बूट घातलेली बाई. हातातल्या जाळीच्या पिशवीतून सेलरीच्या भाजीचे दांडे वर आलेले. ती खुर्चीत बसली आणि एकदा चौफेर पाहून म्हणाली, "खाटेचा पाय दिसतोय."

ऑर्विलने पाय खाली घेतले.

"मी हॅटी लुंडक्विस्ट. बंकर हिलवर माझं घर आहे. भाडेकरू ठेवते. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि न्हाणीघर अ‍ॅमोस बीमिशकडे आहे, अकरा वर्षं. वय एकाहत्तर. रोज साडेपाचला हॅट-कोट घालून टेकडीच्या रेल्वेने खाली जायचं, पेपर घ्यायचा, सहाला परत. जाताना माझ्या खिडकीशी हॅट उचलायची आणि म्हणायचं, 'शुभ संध्याकाळ, हॅटी.' डाव्या पायाने लंगडतो. त्याच रेल्वेच्या पायरीवरून पडला होता."

"मग तक्रार काय?"

"एप्रिलपासून बोलत नाही. हॅट जाते, हॅट येते."

"दार ठोठावलंत?"

"ठोठावलं. आतून खोकतात."

"कोण खोकतं?"

"ते मला कळलं असतं तर मी इथे जिने चढले असते का?" लुंडक्विस्टबाईंनी सेलरी पिशवीत खाली दाबली. "भाडं वेळेवर येतं, म्हणून कायद्याने मला दार उघडता येत नाही. अ‍ॅमोस तिथे राहतो की नाही, एवढं मला लेखी द्या. शनिवारपर्यंत. द्यायला माझ्याकडे पैसे नाहीत. पण तो राहत नसला तर त्यातली एक खोली तुमची. जुन्या भाड्यात. आंघोळीच्या टबासकट."

ऑर्विलने पुढचं फारसं ऐकलं नाही. तो आठ महिने ऑफिसच्या बेसिनमध्ये अंघोळ करत होता, आणि बेसिन इतकं लहान होतं की सोमवारी डावा हात, मंगळवारी उजवा, असे वार लावून घ्यावे लागत.

"बाई," तो म्हणाला, "तो माणूस तिथे राहत नाही हे मी सिद्ध करून दाखवतो."

"आधी बघा तरी," बाई म्हणाल्या.

त्याच दिवशी साडेपाचला ऑर्विल लुंडक्विस्टबाईंच्या घरासमोर खांबाला टेकून उभा होता. वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता, डांबर मऊ झालं होतं. तरीही ऑर्विलने रेनकोट घातला होता, कॉलर वर केली होती. धंद्याचा मान राखायला हवा. घराचं दार उघडलं, आणि लांब कोट, गळपट्टा आणि नाकापर्यंत ओढलेली करडी हॅट घालून बीमिश बाहेर आले. खिडकीशी हॅट जराशी उचलली आणि लंगडत निघाले.

एवढ्या उन्हात कोट घातलेली माणसं साऱ्या रस्त्यावर दोनच होती, पुढे चाललेले बीमिश आणि मागे चाललेला ऑर्विल. त्यामुळे माग चुकायची भीती नव्हती.

ऑर्विलचा एक गुण मानायला हवा. त्याला काही कळत नसलं तरी तो सगळं लिहून ठेवायचा. वहीत त्याने लिहिलं: *सोमवार. बुटका. काळे बूट, चकचकीत. डावा पाय लंगडा. केसांच्या तेलाचा वास.*

मंगळवारी लिहिलं: *रुंद झाला आहे. तपकिरी बूट. आज उजवा पाय लंगडा. रस्ता ओलांडताना लंगडायचं विसरला, पलीकडे गेल्यावर आठवलं. रेल्वेत शिरताना लोकांना म्हणाला, 'मागे सरका, मागे सरका.'*

बुधवारी लिहिलं: *सहा फूट दोन इंच. कोट गुडघ्याच्या वर. शिट्टी वाजवतो, सुरात.*

या नोंदींखाली ऑर्विल बराच वेळ पेन्सिल चावत बसला. माणूस रात्रीतून सहा इंच वाढेल कसा? खूप विचार करून त्याने लिहिलं, *टाचा?* आणि मग खाली रेघ मारून निष्कर्ष मांडला: *म्हातारा पाताळयंत्री आहे. रोज वेष पालटतो. फक्त हॅट आणि कोट पालटायचं विसरतो. गुन्हेगार इथेच फसतात.*

गुन्हा कोणता, ते अजून ठरायचं होतं. पण सिद्ध होत होतं ते उलटंच. बीमिश जिवंत होते, घरातून निघत होते, घरात शिरत होते. टब दूर दूर चालला होता.

म्हणून बुधवारी बीमिश खाली पेपर आणायला गेलेले असताना ऑर्विलने मागचा लाकडी जिना चढून खोलीत डोकवायचं ठरवलं. तो वरच्या पायरीवर पोचतो न पोचतो तोच मागून खांद्यावर खोकं घेऊन कुणीतरी धडाधडा वर आलं, दाराशी वळलं, आणि खोक्याचा कोपरा ऑर्विलच्या कानामागे बसला. प्रत्येक प्रकरणात एकदा डोक्यात फटका बसतोच, त्याबद्दल ऑर्विलची तक्रार नव्हती. पण जिन्याच्या तळाशी तो डोळे उघडून पाहतो तर तोंडावरून काहीतरी पिवळं आणि चिकट ओघळत होतं. हा आपला मेंदू असणार, असं त्याला वाटलं. मेंदू इतका कमी निघाला याचं वाईटही वाटलं. मग त्याने चव घेतली.

वहीत नोंद झाली: *अंडी. ताजी. खोक्यावर पेटालुमा गावचा शिक्का.*

गुरुवारी त्याने लांबून पाठलाग करायचं सोडलं आणि बीमिशांच्या मागोमाग टेकडीच्या रेल्वेत शिरून समोरच बसला. गुडघ्याला गुडघा लागत होता. डबा उतरायला लागला. खाली पोचायला एक मिनिट लागतं. तेवढ्यात हॅटखालचा चेहरा पाहायचा होता.

आजचे बीमिश पुन्हा लहान झाले होते, पण पोट सुटलं होतं. आणि ते पोट हलत होतं.

मग कोट रडला.

डब्यातल्या सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऑर्विल पुढे वाकला.

"आजोबा, तुमचा कोट रडतोय."

"पोट गुरगुरतंय," बीमिश जाड आवाजात म्हणाले.

"गुरगुर 'मं मं' म्हणत नाही."

"दुपारी कोबी खाल्ला होता."

एवढ्यात दोन बटणांच्या मधून एक गुबगुबीत मूठ बाहेर आली आणि तिने ऑर्विलचा टाय धरला. ऑर्विलने सोडवायचा प्रयत्न केला, मूठ आणखी घट्ट झाली. बावीस वर्षांच्या धंद्यात संशयिताने डिटेक्टिव्हला पकडल्याची ही पहिलीच वेळ होती. त्याचं नाक कोटाच्या दुसऱ्या बटणाला टेकलं. तिथून वर पाहिल्यावर त्याला हॅटच्या सावलीत चेहरा दिसला, चोविसेक वर्षांचा, आणि ओठांना लाली.

"पोलीस?" चेहऱ्याने विचारलं. आवाज आता बारीक होता.

"खाजगी."

"मग टाय आत्ता ओढू नका. दात येताहेत त्याला, चावायला काहीतरी लागतं."

खाली उतरून पेपरच्या दुकानापर्यंत तिघं तसेच चालत गेले, ऑर्विल वाकून. तेवढ्या वाटेत तिने सांगून टाकलं. तिचं नाव ग्लेन्डा माझूर. नवरा टेड सैन्यातून परत आलेला, बाटल्यांच्या कारखान्यात कामाला. गुरुवारची पाळी टेडची. पण आज त्याला कारखान्यात थांबवून घेतलं, घरात दुसरं कुणी नाही, बाळ कुणाकडे ठेवणार?

"पाळी कसली?"

"बीमिश व्हायची," ग्लेन्डा म्हणाली. "साडेपाचला हॅट खिडकीवरून गेली नाही, तर हॅटीबाई जिना चढून वर येतील. चला, सहा वाजत आले. आणि माझ्या मागे चाला, बरोबरीने नको. बीमिशना कुणी मित्र नव्हते."

वर दोन खोल्यांत ऑर्विलला कामावरून परतलेला अख्खा आठवडा भेटला. तेलाचा वास आला तो सोमवार. तो न्हावी होता, ओट्याखाली झोपायचा. रुंद मंगळवार बस चालवायचा, त्याच्याकडे सोफा होता. उंच बुधवार ट्रॉम्बोन वाजवायचा; तो कपाटात झोपायचा, पाय बाहेर काढून. माझूर जोडप्याकडे आतली खोली होती आणि बाळाकडे टेबलाचा सगळ्यात खालचा खण. शुक्रवार पुन्हा न्हाव्याकडे.

"आणि शनिवार?" ऑर्विलने वही काढली.

"शनिवारी सुट्टी," न्हावी म्हणाला. "म्हातारा जाताना सांगून गेला, शनिवारचं काही करू नका म्हणून. रविवारी तर पेपर दारातच येतो."

"गेला म्हणजे?"

"पेटालुमाला," मंगळवार म्हणाला. "प्रेमात पडला, साहेब. एकाहत्तराव्या वर्षी. एका विधवेशी लग्न केलं, चारशे कोंबड्या आहेत तिच्या. एप्रिलमध्ये मागच्या जिन्याने गेला, चावी आम्हाला दिली. दर बुधवारी अंडी पाठवतो. वहिनी, साहेबांना आम्लेट द्या की. नाहीतरी कालची दोन डझन यांनीच फोडलीत."

"मी नाही फोडली. माझ्यावर फुटली."

"ते आमच्या टेडच्या खांद्यावरचं खोकं. त्याला वाटलं मांजर आहे. माफी मागायला खाली वाकून बघितलं तर तुम्ही गालावरचं चाटत होतात. तो म्हणाला, मांजरच आहे, जेवू दे बिचाऱ्याला."

ऑर्विल आम्लेट खात होता तेव्हा न्हाणीघराचं दार उघडं होतं आणि आत टब दिसत होता. पांढरा, लांबलचक, वाघाच्या पंजांसारखे पाय असलेला. त्यात सध्या लंगोट भिजत होते, पण कल्पना करायला हरकत नव्हती. शनिवारी खरं लिहून दिलं की हा टब आपला. आणि हे सगळे रस्त्यावर. दोन्ही गोष्टी एकाच कागदात बसत होत्या.

"हे बघा," तो म्हणाला, "मी पाहिलं तेच लिहितो. हा माझा धंदा आहे."

कुणी रडलं नाही, हात जोडले नाहीत. त्याला ते फार अडचणीचं गेलं.

"लिहा की," ग्लेन्डा म्हणाली. "आम्ही मेपर्यंत टेडच्या मामाच्या गाडीत राहत होतो. मागच्या सीटवर. सवय आहे." आणि तिने बाळाच्या मुठीतून त्याचा टाय सोडवून इस्त्री करून परत दिला.

शनिवारी मॅनेजरने ऑर्विलची खाट फुटपाथवर आणून ठेवली. ऑर्विलने टाइपरायटर मांडीवर घेतला, खाटेवर बसून एक ओळ टाइप केली, पाच वेळा वाचली, आणि खाट काखोटीला मारून टेकडी चढला.

लुंडक्विस्टबाई बैठकीच्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. निळा पोशाख, पांढरे हातमोजे, हॅटवर कापडी चेरी. त्यांनी कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचला.

"'श्री. अ‍ॅमोस बीमिश येथे राहतात, प्रकृती उत्तम.' एवढंच?"

"एवढंच, बाई." ऑर्विलने छताकडे पाहिलं. टब वरच होता. पुन्हा कधी दिसायचा नव्हता.

"वही दाखवा."

त्याने दिली. द्यायला नको होती, हे वही बाईंच्या हातात गेल्यावर लक्षात आलं. बाई बोट फिरवत वाचत गेल्या.

"सोमवार बुटका, बरोबर. मंगळवारी उजवा पाय, तेही बरोबर. बुधवारी टाचा? क्रम, या टाचा असतील तर त्यावर माडी बांधता येईल." पान उलटलं. "गुरुवारचं पान कोरं आहे."

वरून बाळ रडायला लागलं. दोघंही छताकडे बघत राहिले.

"बीमिशना सर्दी झालीय," ऑर्विल म्हणाला.

"दात येताहेत. खालची हिरडी. लवंगेचं तेल लावायला सांगा तिला, पाच दिवस झाले माझी दुपारची झोप गेलीय."

ऑर्विल खाटेवरच बसला. खाट घडी केलेली होती, त्यामुळे तो खाली गेला आणि तिथूनच म्हणाला, "तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"मला शिकवू नका. एप्रिलपासून त्या खिडकीखालून चार जोडी बूट जातात. कचऱ्यात आठवड्याला दोन डझन टरफलं. दोरीवर लंगोट. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचे?"

"मग मला कशाला लावलंत?"

"वर कोण आहे ते मला कळत होतं. जो नाही तो कुठे गेला, ते हवं होतं." बाईंनी हातमोजा सरळ केला. "वरचे लोक त्याला शनिवारी सुट्टी देतात. शनिवारी अ‍ॅमोस पेपर आणायला जात नसे. शनिवारी तो या दाराशी यायचा आणि आम्ही खाली कॅफेटेरियात जेवायला जायचो. अकरा वर्षं. पोरांना सांगितलं नसेल त्याने, लाजला असेल. मी पाच महिने दर शनिवारी ही हॅट घालून बसते आणि सातला काढून ठेवते. मेला असेल तर मेला म्हणून सांगा. तोंडी मी स्वतःला बरंच काही सांगून पाहिलंय, म्हणून लेखी मागितलं."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी गिऱ्हाईक समोर बसून ऑर्विलला खरं सांगत होतं.

"जिवंत आहे," तो म्हणाला. "पेटालुमाला. कोंबड्या पाळतो."

"एकटा?"

ऑर्विलने हॅट काढली. उत्तर त्यातच होतं.

"किती आहेत?"

"एकच बाई आहे, विधवा."

"कोंबड्या, क्रम."

"चारशे."

लुंडक्विस्टबाईंनी मान हलवली. "चारशे कोंबड्यांची घाण काढायची, रोज. त्याला खोलीतला केर काढायचाही कंटाळा." त्या काही वेळ तो हिशेब मनात घोळवत राहिल्या, आणि त्यातून त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं. मग टाइप केलेला कागद घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवला. "हे असू दे. कुणी विचारलं तर माझ्याकडे लेखी आहे."

"म्हणजे वरची माणसं..."

"तो गेला म्हणून लिहून दिलं असतंत तर मला भाडं दुप्पट करता आलं असतं. आणि मग साडेपाचला माझ्या खिडकीशी हॅट कुणी उचलली असती? त्या मंगळवारच्याला सांगा, हॅट नीट उचल. बस हाकल्यासारखी नाही." त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "टब रात्री रिकामा असतो. सकाळी सहाच्या आत उठायचं, न्हाव्याला पाणी लागतं. ही खाट त्यात बसणार नाही, ती माझ्या कोळशाच्या खोलीत टाका. आणि वर जाऊन कोट घालून या. शनिवार तुमचा."

ऑर्विल वर गेला. अख्ख्या आठवड्याने मिळून त्याला कोट घातला. गुरुवारने, म्हणजे टेडने, गळपट्टा बांधला, न्हाव्याने मानेमागे तेल चोपडलं, आणि बाळाने निरोपाला टाय चावला.

खाली दाराशी आल्यावर त्याने हॅट उचलली. "शुभ संध्याकाळ, हॅटी."

बाईंनी हॅटवरची चेरी सरळ केली. मग त्याच्या कोपरात हात घातला. "तो कोंबडीच घ्यायचा," त्या म्हणाल्या. "तुम्ही मासा घ्या. कोंबडी आज टेबलावर नको."

दोघं रेल्वेच्या दिशेने निघाली. वरच्या खिडकीत सगळे वार ओळीने उभे होते. चार पावलं झाल्यावर ऑर्विलला आठवलं आणि तो लंगडायला लागला.

"डावा," लुंडक्विस्टबाई समोर बघत म्हणाल्या, आणि त्याच्या डाव्या बाजूला आल्या.